आकारामची बॅटरी

आकाराम खाडेच्या डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, खिशातल्या घड्याळाएवढी एक डबी होती. तिच्यातून निघालेली तार मानेत वर जाऊन एका नसेला गुंडाळली होती, आणि डबी त्या नसेला दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट करंट देत होती. फिट येऊ नये, आलीच तर लवकर आटपावी, म्हणून ही सोय. पण ती नस घशाच्या शेजारून जाते. त्यामुळं करंट सुरू झाला की आकारामचा आवाज बसायचा, घोगरा व्हायचा, आणि अर्ध्या मिनिटानं काहीच घडलं नसल्यासारखा परत यायचा.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेनं हे नऊ वर्षांत अंगवळणी पाडून घेतलं होतं. आकारामचा आवाज फाटला की समोरचा माणूस तंबाखू मळायला घ्यायचा आणि आवाज जाग्यावर आला की म्हणायचा, "हां, मग?" पाहुण्यांना मात्र वाटायचं की या माणसाला ऊसदराबद्दल बोलतानासुद्धा रडू येतं. पाहुण्यांचा हा गैरसमज पेठेतलं कोणीही दूर करत नसे.

धंदा म्हशींचा. घरामागच्या गोठ्यात पाच म्हशी. सकाळी रतीब, संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हस उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची. उभ्या उभ्या फेसाळ दूध पिणारा कोल्हापूरकर आधी म्हस बघतो, मग पेला बघतो, गवळ्याकडं त्याचं लक्ष जात नाही. त्यामुळं आकारामचा आवाज गिऱ्हाइकांच्या आड कधी आला नाही. तो आला म्हशीच्या आड.

तुळसा ही दोन वर्षांपूर्वी वडगावच्या बाजारातून आणलेली म्हस. दुधाला भारी, दिसायला भारी आणि स्वभावानं नको तितकी हळवी. धार काढताना आकाराम तिच्याशी बोलत असायचा, कारण सगळेच गवळी बोलतात. ती डोळे अर्धे मिटून ऐकायची. मध्येच त्याचा आवाज फाटला की मान वळवून बघायची, पाय झाडायची आणि दूध चोरायची. कास भरलेली, पण सडाला थेंब नाही. जणू खाली बसलेला माणूस बदलला, आणि परक्या माणसाला ती दूध देणार नव्हती.

डबीसोबत हॉस्पिटलनं दोन चुंबकं दिली होती. एक पट्ट्याचं, मनगटावर घड्याळासारखं बांधायचं. फिट येतेय असं वाटलं की ते डबीवरून फिरवायचं, म्हणजे डबी जादा करंट देते. दुसरं चुंबक जास्तीचं, कपाटात ठेवायला. चुंबक फिरवण्याऐवजी डबीवर धरूनच ठेवलं तर मात्र डबी तेवढा वेळ गप्प बसते. हे नऊ वर्षांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला जाता जाता सांगितलं होतं, कुठं भाषणबिषण करायचं असेल तर म्हणून. आकारामला भाषण कधी करावं लागलं नाही. तुळसा आल्यावर मात्र त्यानं कपाटातलं चुंबक काढलं, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं ते सदऱ्याच्या आत छातीवर बांधलं आणि धारेला बसला. आवाज स्वच्छ राहिला. तुळसानं पान्हा सोडला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी पट्टी आवळायची, धार झाली की सोडायची, हा नेम पडला.

गवळ्याच्या बाजूनं बघितलं तर यात वावगं काही नव्हतं. त्या गल्लीत स्वतःची बीपीची गोळी विसरणारी आणि म्हशीला कॅल्शियम वेळेवर पाजणारी माणसं घरटी एक निघतील. तरी त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. बायको निशिगंधाला तर नाहीच.

दसऱ्यानंतरच्या तपासणीला डॉक्टर अनुजा मॅडमनी त्याच्या छातीवर यंत्र धरलं, स्क्रीन बघितली आणि बॅटरी संपत आल्याचं सांगितलं. आता डबी बदलायची की नाही, हे ठरवायला हवं होतं. ऑपरेशन लहान असतं, तार तीच राहते, फक्त डबी नवी. तरी ते ऑपरेशनच, जखम चिघळू शकते, तारेला धक्का लागू शकतो. नाही बदलायची म्हटलं तर बॅटरी आपोआप संपू द्यायची आणि गोळ्यांवर राहायचं.

आकारामनं विचारलं, की मग काय करू. मॅडम म्हणाल्या, "ज्याला फायदा आहे त्याला मी बदला म्हणून सांगते. तुमच्या बाबतीत मला खात्री नाही."

कारण असं, की डबी बसवल्यावर त्याच्या फिट खूप कमी झाल्या हे खरं, पण त्याच हिवाळ्यात गोळीही बदलली होती. श्रेय कोणाचं, हे सांगता येत नव्हतं. त्यात गेल्या वर्षभरात दोन मोठ्या फिट येऊन गेल्या. दोन्ही गोठ्यात, दोन्ही सकाळच्या धारेला. मॅडमनी निशिगंधाला विचारलं, तेव्हा चुंबक फिरवलं होतं का. ती म्हणाली, "फिरवलं की. दोनदा-तीनदा फिरवलं. काय उपेग झाला न्हाय. चुंबकाला पण काय कळंना."

मॅडमनी ते लिहून घेतलं. आकाराम भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडं बघत राहिला. दोन्ही वेळा एक चुंबक छातीवर बांधलेलंच होतं, म्हणून वरून दुसरं कितीही फिरवलं तरी डबीला ते समजलं नाही, हे त्या खोलीत फक्त त्याला माहीत होतं. सांगितलं असतं तर मॅडम तिथल्या तिथं म्हणाल्या असत्या, बदला. आणि मग आणखी नऊ वर्षं तो फाटका आवाज. न सांगितलं तर त्या म्हणणार होत्या, राहू दे. आणि मग पुढची फिट म्हशीच्या खुराखाली. दोन्हीकडून त्याला घाम फुटला. चुंबकाची गोष्ट त्यानं पोटातच ठेवली. डबी मागवावी लागते, तेव्हा दिवाळी झाली की विचार करून सांगा, असं ठरलं.

विचार करून सांगा, हे त्याला यापूर्वी कोणी म्हटलं नव्हतं. पहिल्या वेळी आईनं, मामानं आणि पुण्याच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं, आणि तो खाटेवर पडून तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. ते किती सुखाचं होतं, हे त्याला आता कळलं.

घरी श्रेयाचे दावेदार वाढले. आई बायडाबाईचं म्हणणं, फिट कमी झाल्या त्या नृसिंहवाडीच्या दत्त महाराजांमुळं. डबी बसवली त्याच वर्षी तिनं वाडीच्या पौर्णिमा धरल्या होत्या आणि आजवर एकही चुकवली नव्हती. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला गौस नदाफ, आकारामचा शाळेपासूनचा दोस्त, त्याचं मत साधं होतं. बॅटरी गेली की बॅटरी बदलायची, गाडी ढकलत न्यायची नाही. निशिगंधा काही मत देत नव्हती. ती फक्त गोळ्यांची डबी त्याच्या ताटाजवळ थोडी आपटून ठेवत होती.

पेंड लागू पडते की नाही हे बघायचं असेल तर गवळी काय करतो? पेंड बंद करतो आणि धारेच्या कासंडीत बघतो. दूध घटलं तर पेंड चालू. नाही घटलं तर पेंडवाल्याला रामराम. आकारामला परीक्षेची दुसरी रीत ठाऊक नव्हती. वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी धार झाल्यावर त्यानं पट्टी सोडलीच नाही.

आवाज दिवसभर स्वच्छ राहिला. संध्याकाळी निशिगंधा चपात्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, तुमचा आवाज फाटंना झालाय. आकाराम म्हणाला, बॅटरी संपली असंल. हे बोलताना त्यानं पाण्याचा तांब्या उगाचच दोनदा उचलून खाली ठेवला.

तिनं लगेच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, संपली असेल तर दिवाळीनंतर लगेच या, तोवर गोळी चुकवू नका, जागरण नको, पाण्याजवळ नको, गाडी तर मुळीच नको. निशिगंधानं हे सगळं घरात मोठ्यानं सांगितलं. बायडाबाईनं मोठ्यानंच ऐकलं नाही.

पुढचे दिवस आकारामला एका जागी बसता आलं नाही. फिट येण्याआधी त्याच्या पोटातून काहीतरी वर चढायचं आणि नाकात दूध करपल्याचा वास यायचा. दुधाच्या घरात हा वास रोजचाच. कुणाच्या शेगडीवर पातेलं लागलं की आकाराम दाराची चौकट धरून उभा राहायचा. वास खरा निघाला की सुटल्यासारखं व्हायचं आणि लगेच पुढच्या वासाची वाट बघणं सुरू. जेवायला बसला की चार घास खाऊन उठायचा. म्हशी रंकाळ्याजवळच्या खणीच्या पाण्यावर नेऊन धुवायचा, घरी आणायचा, परत न्यायचा. झोप येत नव्हती, कारण झोपेत आलेली फिट आपल्याला कळली नाही तर परीक्षेचा निकाल काय धरायचा, हा प्रश्न होता. आणि बोलायचा. आवाज होता म्हणून बोलायचा. वारणानगरच्या मेव्हण्याला त्यानं कारण नसताना फोन केला आणि डेअरीच्या फॅटबद्दल इतका वेळ बोलला की मेव्हण्यानं शेवटी विचारलं, दाजी, घरात सगळं बरं हाय न्हवं?

फिट आली नाही. वसुबारस झाली, धनत्रयोदशी झाली. गल्लीचं मत फिरलं. डबी मेली तरी आक्याला काही होत नाही, म्हणजे डबीचं काम काय होतं? गौससुद्धा डोकं खाजवत म्हणाला, "भावा, बॅटरी काढून गाडी चालायलीया, तर मग ती बॅटरी गाडीची नव्हतीच की." बायडाबाईनं वाडीला पेढे बोलले. आकाराम सगळ्यांना हसून मान डोलवायचा आणि उठून गोठ्यात जायचा. सगळ्या पेठेत निकाल लागला होता, फक्त परीक्षेला बसलेल्याचा जीव खालीवर होत होता.

आणि पाडवा आला. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, आणि सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलीवरून धन्यानं हाक मारत पुढं सुटायचं. म्हशीनं त्या गदारोळात धन्याची हाक ओळखून त्याच्या मागं पळत यायचं. बक्षीस असतं-नसतं, पण वर्षभर कट्ट्यावर मान असतो. आकारामला गाडी चालवायला बंदी, आणि त्याच्या हाकेचा भरवसा नाही. त्यामुळं इतकी वर्षं तो रस्त्याच्या कडेला उभा राहून दुसऱ्यांच्या म्हशी बघत आला होता. यंदा हाक होती.

निशिगंधा नको म्हणाली. बायडाबाई म्हणाली, महाराज हाईत. शेवटी तोड निघाली ती अशी, की गाडी गौस चालवेल, आकारामनं मागं बसून फक्त हाक द्यायची, आणि गौस गाडी बेतानं नेईल. गौसनं शपथेवर सांगितलं की बेतानं नेईन. सायलेन्सर मात्र काढला.

अभ्यंगस्नान, फराळ, म्हशीचा शृंगार या घाईत आकारामची सकाळची गोळी उशिरा झाली. रात्रभर डोळा लागला नव्हता तो नव्हताच. रंकाळ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. गौसनं गाडी सोडली, आकारामनं मागं वळून हाक दिली, "तुळसेऽऽ", आणि ती हाक अशी निघाली की त्याची त्यालाच ओळख पटेना. तुळसानं मान वर केली आणि पळत सुटली. कवड्या उडायला लागल्या. लोक ओरडले. त्यानं दुसरी हाक दिली, तिसरी दिली. आणि करपल्या दुधाचा वास आला.

रस्त्यावर दूध कुठं नव्हतं.

त्याला तेवढं उमगलं. मनगटाचं चुंबक फिरवून उपयोग नाही, आधी आतली पट्टी सोडायला पाहिजे, हेही उमगलं. त्यानं सदऱ्यात हात घातला, आणि हात तिथंच राहिला. गौसच्या पाठीवर एकदम वजन आलं. गौस दोस्त असला तरी आधी मेकॅनिक. मागचं वजन बदललं की त्याला लगेच समजतं. त्यानं एका हातानं आकारामचा हात आपल्या पोटाशी आवळून धरला, गाडी कडेला घातली आणि दोघं रस्त्याच्या बाजूच्या मातीत आडवे झाले. तुळसा त्यांच्या अंगावरून गेली नाही. अगदी शेजारून गेली, आणि पुढच्या कुणाच्या तरी हाकेमागं पळत राहिली.

निशिगंधा गर्दीतून धावत आली. त्याला कुशीवर वळवलं, मनगटाचं चुंबक छातीवर फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग श्वास मोकळा व्हावा म्हणून सदऱ्याची बटणं काढली, आणि तिला सासूच्या लुगड्याची पट्टी दिसली. पट्टीखाली दुसरं चुंबक. ते तिनं ओढून काढलं. थोड्या वेळानं फिट थांबली. डबीनं थांबवली की आपोआप थांबली, हे कोणी सांगू शकलं नसतं. आकारामच्या घशातून घोगरा आवाज यायला लागला, तेव्हा निशिगंधाला सगळं कळलं. मेलेली बॅटरी बोलत नसते.

तिनं ते चुंबक पदरात बांधलं. घरी आणून त्याला झोपवलं. तुळसा आपली आपण परत आली होती, एका शिंगाचं मोरपीस घालवून. संध्याकाळी तो उठून बसल्यावर निशिगंधानं ते चुंबक त्याच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, कवापासनं. त्यानं सांगितलं. गोठ्यातल्या दोन्ही फिटच्या वेळी पण बांधलेलं होतं, हेही सांगितलं.

तिनं चुंबक उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "मी खुळ्यागत वरनं फिरवत बसलो. मॅडमला पण सांगिटलं, उपेग न्हाय म्हणून." पुढं म्हणाली, "म्हशीनं दूध चोरलं तर म्हस इकता येती. नवरा चोरी करायला लागला तर काय करायचं, ते सांगा."

आकारामनं चुंबक उचलून तिच्याकडं सरकवलं. 

दिवाळीनंतर ती दोघं मॅडमकडं गेली. निशिगंधा खुर्चीत बसली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, बोला. त्यानं सगळं सांगितलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या की यातून डबीचा फायदा होतो असं दिसतं, पण सिद्ध होतं असं नाही. झोप नव्हती, गोळी उशिरा, सणाची दगदग. त्या दिवशी डबी चालू असती तरी फिट आली असती कदाचित. आणि गोठ्यातल्या दोन फिट पहाटे लवकर उठल्यामुळंही असू शकतात. आकारामनं सुस्कारा टाकला. एवढा पडला, म्हस हातची गेली असती, बायकोनं चार दिवस बोलणं टाकलं, आणि निकाल पुन्हा राखीव.

मग मॅडमनी त्याला विचारलं, की आवाजाचा एवढा त्रास होतो हे नऊ वर्षांत एकदाही का सांगितलं नाही. तो म्हणाला, "तुमी इचारलं न्हाईसा."

यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं. आवाज जास्त फाटत असेल तर करंट कमी करता येतो, त्याची लांबी बदलता येते, सगळ्यांचं नाही पण बऱ्याच जणांचं त्यानं भागतं, असं त्या म्हणाल्या. सध्याच्या डबीत आता खेळ नको. नवी बसवली तर कमीपासून सुरू करून हळूहळू बघू. आवाज पूर्ण सुटेल असा शब्द मात्र देणार नाही. "आता तुमचं काय ठरतंय ते सांगा. बदलायची?"

निशिगंधा खिडकीबाहेर बघत होती, मुद्दाम. आकाराम खुर्चीच्या कडेवर होता, तो जरा मागं सरकून बसला.

"मॅडम, ते बांधून ठेवल्याल्या दिवसांत मी एकदा पण बसलो न्हाय. जेवायला न्हाय, धारंला न्हाय. म्हशीखाली बसलो तरी सगळा जीव पोटात काय हलतंय का तिकडं. फिट तर एकच आली, पण तिची वाट मी रोज बघितली. डबीचं काम हाय का न्हाय त्ये तुमी बघा. मला बसाय पायजे. बदला."

मॅडमनी विचारलं, नक्की? तो म्हणाला, व्हय. मग म्हणाला, तुळसा चैत्रात व्याणार हाय, त्येच्या नंतर करू. मॅडम म्हणाल्या, बॅटरी म्हशीचं बाळंतपण बघून थांबत नाही. तेव्हा पुढच्याच आठवड्यातला वार ठरला.

ऑपरेशननंतर काही आठवडे डाव्या हातानं जोर लावायचा नव्हता, म्हणजे धार दुसऱ्या कोणाला तरी काढावी लागणार होती. बाकीच्या चार म्हशींचा प्रश्न नव्हता. तुळसाखाली निशिगंधा कधी बसली नव्हती. ती आकारामची म्हस, तिच्या नादाला कोणी लागायचं नाही, असा घरचा कायदा होता. मॅडमकडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी, ऑपरेशनआधी म्हशीला सवय व्हावी म्हणून, ती कासंडी घेऊन गोठ्यात गेली. आकाराम मागोमाग गेला आणि सूचना करायला लागला. आधी अंगावरनं हात फिरव, डावीकडनं जा, बोलत ऱ्हा. निशिगंधा म्हणाली, तुमी गप बसा.

तिनं सडाला हात घातला. तुळसानं मान वळवून बघितलं, एकदा पाय झाडला, कासंडी वाचली. निशिगंधा म्हशीशी काही बोलली नाही. ती खाली बसून आकारामशीच बोलत होती, गोळीबद्दल, पट्टीबद्दल, गौसनं बेतानं नेलेल्या गाडीबद्दल, चार दिवस साठलेलं सगळं, एका सुरात. तुळसा ते ऐकत उभी राहिली आणि थोड्या वेळानं कासंडीत धार वाजायला लागली. रोजच्याएवढं दूध आलं नाही, पण आलं.

आकारामनं गव्हाणीजवळची पालथी बादली ओढली आणि तिच्यावर बसला. मध्येच तो काहीतरी म्हणायला गेला आणि त्याचा आवाज फाटला. तुळसाचा कान हलला. निशिगंधाचा हात थांबला नाही, आणि बोलणंही नाही.